कोपरारक्षक

कबड्डीचा गुणफलक पकडपटूला न्याय देत नाही. चढाईपटू एका दमात तिघांना शिवून परतला, तर त्याच्या नावावर तीन गुण लागतात. त्याच चढाईपटूला सातही जणांनी मिळून मातीत लोळवलं, तरी बचावाला मिळतो एकच गुण. आणि चढाई रिकामी गेली तर कोणाच्याच खात्यात काही जमा होत नाही. वास्तविक ती आपोआप रिकामी जात नाही. तीस सेकंद कोणीतरी बोनस रेषा झाकून धरलेली असते, कोणीतरी खोटी हूल देऊन चढाईपटूला दोन पावलं मागे ढकललेलं असतं, कोणीतरी शेजाऱ्याच्या मनगटाला हलकासा हिसका देऊन ‘आत्ता नको’ असं कळवलेलं असतं. हे सगळं काम कुठल्याही आकडेवारीत येत नाही. या कामावर ज्यांची रोजीरोटी चालते, त्यांच्याविषयी हे प्रकरण आहे.

आधी त्यांची कामाची जागा नीट पाहू. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. मध्य रेषेने त्याचे दोन भाग होतात, प्रत्येकी साडेसहा मीटरचे. मध्य रेषेपासून ३.७५ मीटरवर निदान रेषा, तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. म्हणजे बोनस रेषेपासून मागच्या अंतिम रेषेपर्यंत उरते पावणेदोन मीटरची पट्टी. कोपरारक्षकाचं बहुतेक आयुष्य या पट्टीत जातं. मागे पाय पडला की बाद, बाजूला राखीव पट्टीत पाय गेला तरी झटापट सुरू होण्याआधी बाद. सात जणांत दोन कोपऱ्यांना, त्यांच्या शेजारी आत दोघे, मग दोन मध्यरक्षक आणि मधोमध एक, अशी ही फळी असते. शेजारचे दोघे हात धरून उभे राहतात, ती साखळी. साखळीतला एक चुकला तर शिक्षा दोघांना होते, म्हणून चांगल्या संघात जोडी ठरवताना प्रशिक्षक स्वभावही बघतो. तापट कोपऱ्याशेजारी शांत माणूस लागतो.

घोट्याची पकड हे कोपरारक्षकाचं मुख्य हत्यार. तिचा क्षण नियमातच दडलेला आहे. बोनस गुण हवा असेल तर चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकलेला आणि त्याच वेळी दुसरा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे गुण मिळवण्याच्या नेमक्या क्षणी तो एका पायावर उभा असतो. कोपरारक्षक या क्षणाची वाट बघत असतो. गुडघ्यात वाकलेला, वजन चवड्यांवर, हात मांड्यांजवळ, आणि नजर चढाईपटूच्या चेहऱ्यावर नसून कमरेवर. डोळे आणि खांदे फसवतात, कंबर सहसा फसवत नाही. पाय टेकला की तो उडी टाकतो. दोन्ही हातांची कडी घोट्यामागे बसते, घोटा छातीशी ओढला जातो, आणि डोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला ठेवलेलं असतं, कारण आत राहिलं तर सुटू पाहणाऱ्याचा गुडघा थेट कानशिलावर बसतो. इथून पुढे पकड त्याच्या एकट्याची राहत नाही. चढाईपटूचा नुसता हात मध्य रेषेला पोहोचला तरी धरणारा आणि अंगाला लागलेले सगळे बाद. म्हणून कोपऱ्याने घोटा धरल्यावर मध्यरक्षकाने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच खांद्याने धडक द्यायची किंवा वाट अडवून उभं राहायचं. मांडीची पकड, कमरेची पकड, मागून घातलेली मगरमिठी हे सगळे पुढचे प्रकार या पहिल्या अर्ध्या सेकंदावर उभे असतात. पायांची कात्री घालून अडवणं, कपडे किंवा केस धरणं नियमबाह्य आहे.

हिशेब असा की पकड फसली तर नुकसान मोठं आणि जमली तर फायदा छोटा. त्यामुळे उतावळा पकडपटू संघाला महागात पडतो. नव्या मुलांना शिकवायला सर्वांत अवघड गोष्ट कोणती, तर न धरणं. तरणाबांड मुलगा, समोर हात-दीड हातावर चढाईपटूचा पाय, हजार माणसांचा ओरडा, आणि त्याने हात आवरायचे! दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणणं सक्तीचं होतं, नाहीतर चढाईपटू बाद. आता धोका पत्करायची पाळी त्याची असते. मुरलेली फळी पहिल्या दोन चढायांत फक्त जागा राखते आणि तिसऱ्या चढाईला शिकार करते. मैदानात तिघे किंवा त्याहून कमी उरले असतील तर पकडीला एक गुण जादा मिळतो, ती अव्वल पकड. अशा वेळी अनुभवी कोपरारक्षक मुद्दाम गाफील दिसतो.

या खेळाला शिस्तीचं रूप देण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. हुतूतूचे नियम इथेच विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत लिहिले गेले. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तिथे त्याचं प्रात्यक्षिक केलं. १९५० साली अखिल भारतीय संघटना झाली, १९५२ साली मद्रासला पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी पुढची अनेक वर्षं खेळ गावोगाव आणि देशोदेशी नेला, त्यांचा जन्मदिवस १५ जुलै राज्यात कबड्डी दिन म्हणून साजरा होतो. सदानंद शेट्ये यांना कबड्डीसाठी १९७२चा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९९०मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डी पदकाचा खेळ म्हणून आली आणि भारताने सुवर्ण जिंकलं.

या इतिहासात मराठवाड्यातल्या हिंगोलीचं नाव शोधायला गेलं तर फार काही हाती लागत नाही, आणि त्याला कारण आहे. संघटित कबड्डी वाढली ती मुंबईच्या गिरणगावात, पुण्यात, कोकणात, सांगली-कोल्हापुरात. त्या काळात हिंगोली निजामाच्या राज्यात होती. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्र झाला, आणि परभणीतून वेगळा होऊन हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला तो थेट १ मे १९९९ रोजी. स्वतंत्र जिल्हा म्हणजे राज्य स्पर्धेत स्वतंत्र संघ. तोवर औंढ्याच्या किंवा सेनगावच्या मुलाला परभणीच्या निवड चाचणीत उतरून जागा मिळवावी लागायची. खेळ गावात होताच. पोरं शाळेच्या मैदानावर खेळायची, जत्रेत नाहीतर शिवजयंतीला फक्की मारून रेषा आखल्या जायच्या, आणि तालमीत पट काढायला शिकलेला मुलगा कबड्डीत आपसूक पकडीला उभा राहायचा. कमी होती ती पुढच्या पायऱ्यांची. माझ्या मते ती आजही आहे. कळमनुरी, वसमत, हिंगोली, सेनगाव, औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत ताकदवान मुलांचा तुटवडा नाही.

२०१४पर्यंत पकडपटूच्या कारकिर्दीचा अर्थ एकच होता, नोकरी. किशोर गटातून कुमार गटात, तिथून जिल्ह्याच्या संघात, राज्य स्पर्धेत नजरेत भरला की व्यावसायिक गटातल्या एखाद्या संघाकडून बोलावणं. महिंद्रा, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मुंबई पोर्ट ट्रस्ट, रेल्वे, पोलीस, बँका. सुरुवातीला कंत्राटी मानधन, मग कायम नोकरी. सकाळी सराव, दुपारी कचेरी, हंगामात गावोगावच्या स्पर्धा. महाराष्ट्रातल्या शेकडो घरांची चूल अशा नोकऱ्यांवर पेटली आहे आणि यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्या वर्तमानपत्राच्या मथळ्यात आलं नाही.

२६ जुलै २०१४ला मुंबईत प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि चित्र बदललं. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली लागली राकेश कुमारवर, १२ लाख ८० हजारांची. दोनच वर्षांनी, २०१६च्या लिलावात ५३ लाखांची सर्वोच्च बोली मिळवणारा मोहित छिल्लर हा कोपरारक्षक होता. त्याआधी त्याची आणि सुरेंदर नाडाची जोडी यू मुंबा संघाच्या दोन्ही कोपऱ्यांत उभी राहायची, मध्ये उजव्या बाजूला मुंबईचा विशाल माने आणि डाव्या बाजूला जीवा कुमार. पहिले तीनही हंगाम यू मुंबाने अंतिम फेरी गाठली आणि दुसऱ्यात विजेतेपद जिंकलं. संघातल्या अनुप कुमारच्या चढायांची चर्चा खूप झाली, त्या फळीची त्या मानाने कमी. मोहित आणि नाडा पुढे यू मुंबातून बाहेर पडले ते जोडीनेच, आधी बंगळुरूला आणि मग हरयाणाच्या संघात. संघमालकांनाही कळलं होतं की एक कोपरा विकत घेऊन भागत नाही.

२०१८च्या लिलावात एक कोटीचा आकडा गाठणारा पहिला खेळाडूही पकडपटूच निघाला. इराणचा फझल अत्राचली, डावा कोपरा. तो मुळात कुस्तीगीर. प्रो कबड्डीत सर्वाधिक पकड गुणांचा विक्रम त्याच्या नावावर आहे. २०२३ला पुणेरी पलटणने इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरयाणा स्टीलर्सला २८–२५ असं हरवून पुण्याने पहिलं विजेतेपद मिळवलं. कर्णधार नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, डाव्या मध्यात संकेत सावंत. हंगामात सर्वाधिक पकड गुण शादलूचे.

इराणने हा खेळ पकडीच्या बाजूने शिकला, याकडे आपण पुरेसं लक्ष दिलेलं नाही. १९९०पासून आशियाई सुवर्ण भारताकडेच राहत आलं होतं. २३ ऑगस्ट २०१८ला जकार्तात उपांत्य सामन्यात इराणने भारताला २७–१८ असं रोखलं. भारताचे नावाजलेले चढाईपटू त्या सामन्यात एकामागून एक पकडले गेले. दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ने हरवलं, आणि त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आयुष्यभर महाराष्ट्रात मुली घडवलेल्या बाईंनी तिथे जाऊन भाषा शिकून घेतली, खेळाडूंना योग-प्राणायामाला बसवलं आणि सुवर्ण मिळवून दिलं. मराठी कबड्डीच्या इतिहासात हे पान ठळक अक्षरांत छापलं पाहिजे.

त्या जकार्ताच्या भारतीय संघात कल्याणचा गिरीश इरनाक होता. डावा कोपरा, घोट्याच्या पकडीसाठी प्रसिद्ध. त्याच वर्षीच्या जानेवारीत हैदराबादला महाराष्ट्राने अकरा वर्षांनी राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं, रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली, अंतिम सामन्यात सेनादलाला ३४–२९ असं नमवून. गिरीश, विशाल माने आणि विकास काळे त्या संघाच्या बचावात होते. पुढे गिरीश पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. एकाच वर्षात राष्ट्रीय विजेतेपद, दुबईतल्या मास्टर्स स्पर्धेचं सुवर्ण, जकार्ताचं कांस्य आणि लीगमधलं कर्णधारपद. पकडपटूच्या कारकिर्दीत असं वर्ष एखादंच येतं. रत्नागिरी जिल्ह्यातला शुभम शिंदे उजव्या कोपऱ्यात खेळतो. २०२४च्या हंगामात तो पाटणा पायरेट्सचा कर्णधार होता आणि संघ अंतिम फेरीत पोहोचला. ही उदाहरणं मुद्दाम दिली, कारण कर्णधारपद चढाईपटूकडेच जातं असा समज आहे. मैदान संपूर्ण दिसतं ते कोपऱ्यातूनच.

पकडपटूच्या कामाचं मोजमाप कसं करायचं, हा प्रश्न आपल्याकडेच पडलेला नाही. उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकीत बचावपटूंचंही असंच होतं. हा खेळ आपल्या देशात लडाखमध्ये रुजला आहे, गोठलेल्या तळ्यांवर तिथली मुलंमुली तो जिद्दीने खेळतात, पण त्याचं मोठं व्यावसायिक रूप कॅनडा-अमेरिकेत. एका सामन्यात संघ सहा बचावपटू उतरवतो, तीन जोड्यांत, आणि प्रत्येक जोडी मिनिटभराच्या आत बदलते, इतकी दमछाक होते. तिथल्या राष्ट्रीय लीगने १९६७-६८पासून एक साधा हिशेब अधिकृतपणे ठेवायला घेतला. खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाने किती गोल केले आणि किती खाल्ले, याची वजाबाकी. ही पद्धत सदोष आहे, संघ वाईट असेल तर चांगला बचावपटूही त्यात बुडतो. तरी गोल न करणाऱ्या माणसाच्या उपस्थितीला प्रथमच आकडा मिळाला. १९७०-७१च्या हंगामात बोस्टन ब्रुइन्सच्या बॉबी ऑरचा हा आकडा अधिक १२४ होता. तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही.

ऑरचं आयुष्य प्रत्येक पकडपटूने वाचावं असं आहे. जन्म १९४८, कॅनडातल्या पॅरी साउंड या छोट्या गावी. अठराव्या वर्षी तो बोस्टनच्या संघात आला. बचावपटूने मागे उभं राहायचं ही पद्धत त्याने मोडली. चेंडूऐवजी रबराची चकती असते ती घेऊन तो स्वतःच पुढे मुसंडी मारायचा आणि चटकन मागेही यायचा. लीगमध्ये हंगामातले सर्वाधिक गुण मिळवण्याचा मान त्याने दोनदा पटकावला, दुसऱ्या कुठल्याही बचावपटूला तो एकदाही मिळालेला नाही. सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार सलग आठ वर्षं. १९७०च्या अंतिम सामन्यात जादा वेळेत विजयी गोल करून हवेत आडवा झालेला ऑर हे त्या खेळातलं सर्वांत प्रसिद्ध छायाचित्र आहे. आणि हे सगळं करताना डावा गुडघा संपत चालला होता. गुडघ्यांवर डझनाहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. १९७८ साली, अवघ्या तिसाव्या वर्षी, त्याला खेळ सोडावा लागला.

आपल्या पकडपटूंच्या शरीरावरही खेळ असाच लिहून ठेवतो. घोटा धरणाऱ्याची बोटं आधी जातात. करंगळी आणि अनामिका एकत्र चिकटपट्टीने बांधून खेळणारे कोपरारक्षक तुम्ही पाहिले असतील. ती पट्टी दुखऱ्या बोटाला शेजारच्या बोटाचा आधार देते. धडक देणाऱ्या मध्यरक्षकाचा खांदा निखळतो, एकदा निखळला की पुन्हा निखळण्याची भीती कायमची. आणि गुडघा. मोठ्या स्पर्धा मातीवरून मॅटवर गेल्या तसा खेळ वेगवान झाला. मातीत पाय थोडा घसरतो, मॅटवर बूट घट्ट चिकटून राहतो, आणि वरचं शरीर वळलं की सगळा पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधावर येतो. मातीवर वाढलेल्या मुलाला मॅटवर वेगळं उभं राहायला शिकावं लागतं, पावलं लहान ठेवावी लागतात. ज्या जिल्ह्यात मॅटवर सराव होत नाही, तिथला मुलगा निवड चाचणीत पहिल्यांदा मॅट पाहतो आणि तिथेच मागे पडतो किंवा दुखावतो. हिंगोलीसारख्या जिल्ह्यांच्या बाबतीत माझी मोठी तक्रार हीच आहे. प्रत्येक तालुक्याला एक मॅट आणि ती अंथरायला एक छप्पर, एवढी मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.

पैशांचंही स्पष्ट बोलू. लीगच्या लिलावात खेळाडूंचे चार वर्ग असतात. अलीकडच्या हंगामांत वरच्या वर्गाची मूळ किंमत ३० लाख, मग २०, १३ आणि सर्वांत खाली ९ लाख. कोटींचे आकडे मोजक्यांच्या वाट्याला येतात. खालच्या वर्गातला पकडपटू बाकावर बसून हंगाम काढतो, पुढच्या वर्षी बोली लागेल याची खात्री नसते आणि लीगमध्ये निवृत्तिवेतन नाही. म्हणून शहाणे खेळाडू लीग आणि नोकरी दोन्ही धरून ठेवतात. चढाईपटूपेक्षा पकडपटूला हे अधिक लागू आहे. चढाईपटूच्या दोन गाजलेल्या चढायांची चित्रफीत लाखो लोक बघतात आणि त्याची किंमत वाढते. फळी बांधून ठेवणाऱ्या मध्यरक्षकाची चित्रफीत कोण बनवणार?

आता हिंगोली जिल्ह्यातल्या पालकांना आणि शिक्षकांना थोडं. मुलगा किंवा मुलगी कबड्डीत पकडीला चांगली असेल, तर लीगचं स्वप्न जरूर बघू द्या, पण पाया नोकरीचा ठेवा. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पोलीस भरतीत आणि राज्य राखीव पोलीस दलातही खेळाडूंसाठी जागा असतात, आणि त्या दलाचा गट क्रमांक १२ तर हिंगोलीतच आहे. कोणत्या पदाला कोणत्या पातळीवरची कामगिरी लागते, हे शासन निर्णयात ठरलेलं आहे. तो निर्णय मुलाने आठवी-नववीत असतानाच वाचून घ्यावा. बक्षिसाची रक्कम मोठी आहे म्हणून भरवलेल्या प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र नोकरीला चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेची किंवा क्रीडा विभागाची स्पर्धा असावी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून होते. खोटी प्रमाणपत्रं देऊन नोकरी मिळवलेल्यांवर राज्यात गुन्हे दाखल झाले आहेत, त्या वाटेला कोणी गेलंच तर खेळ आणि नोकरी दोन्ही जातात. तेव्हा स्पर्धेला नाव देण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या, आणि मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र संघाच्या यादीसह जपून ठेवा.